काली लिनक्सवरील सुरक्षा चाचणी साधने

काली लिनक्स हे डेबियनवर आधारित, माहिती सुरक्षेच्या चाचणीसाठी तयार केलेले लिनक्स वितरण आहे. संगणक, जाळे किंवा संकेतस्थळ यांतील कच्चे दुवे मालकाच्या परवानगीने शोधून काढणे, म्हणजेच पेनिट्रेशन टेस्टिंग, हा या वितरणाचा मुख्य उपयोग होय. याखेरीज संगणकीय न्यायवैद्यक तपास आणि आज्ञावलींचे उलट विश्लेषण यांसाठीही ते वापरले जाते. या कामांसाठी लागणारी शेकडो साधने कालीच्या पॅकेज-भांडारात ठेवलेली असून ती तेथून स्थापित करता येतात. ही साधने पॅकेजांत कशी गुंफलेली आहेत, ती कशी स्थापित होतात आणि त्यांच्या अस्सलपणाची खात्री कशी पटवली जाते, याचे वर्णन या लेखात आहे.

पार्श्वभूमी

काली लिनक्सच्या आधी बॅकट्रॅक हे वितरण सुरक्षा तज्ज्ञांमध्ये प्रचलित होते. व्हॅक्स आणि ऑडिटर सिक्युरिटी कलेक्शन या दोन वितरणांच्या विलीनीकरणातून २००६ मध्ये बॅकट्रॅक तयार झाले. आरंभी ते मुख्यतः सीडीवरून थेट चालवण्यासाठी होते. चौथ्या आवृत्तीपासून ते उबुंटूवर आधारले गेले. मात्र त्यातील पुष्कळ साधने पॅकेज व्यवस्थेच्या बाहेर, एका स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवलेली असत. त्यामुळे एखादे साधन अद्ययावत करणे, काढून टाकणे किंवा दोन साधनांना लागणाऱ्या एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सांभाळणे जिकिरीचे होई.

ऑफेन्सिव्ह सिक्युरिटी या कंपनीच्या माती अहारोनी आणि डेव्हन कर्न्स यांनी बॅकट्रॅकची पायापासून पुनर्बांधणी केली आणि १३ मार्च २०१३ रोजी काली लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. डेबियनचे विकसक राफाएल हेर्त्झोग यांचाही या कामात वाटा होता. प्रत्येक साधन डेबियनच्या नियमांनुसार बांधलेले पॅकेज असावे, हा नव्या वितरणाचा मूळ विचार होता. बाहेरून पाहता हा बदल किरकोळ वाटतो. परंतु बॅकट्रॅक आणि काली यांच्यातील खरा फरक साधनांच्या संख्येत नसून याच गोष्टीत आहे.

जानेवारी २०१६ पासून काली ‘रोलिंग’ पद्धतीने प्रसिद्ध होते. डेबियनच्या ‘टेस्टिंग’ शाखेतून पॅकेजे सतत येत राहतात आणि वर्षातून काही वेळा स्थापनेसाठी नव्या प्रतिमा काढल्या जातात. नोव्हेंबर २०१९ मध्ये एक्सएफसीई हे मूलनिर्धारित डेस्कटॉप झाले. त्याच आवृत्तीत ‘अंडरकव्हर’ ही सोय आली; ती सुरू करताच पडदा विंडोजसारखा दिसू लागतो, जेणेकरून सार्वजनिक ठिकाणी काम करताना शेजाऱ्याचे लक्ष वेधले जाऊ नये. मार्च २०२३ मध्ये बचावात्मक सुरक्षेसाठी ‘काली पर्पल’ हा उपप्रकार सादर झाला.

पॅकेजे आणि मेटापॅकेजे

कालीच्या भांडारातील प्रत्येक साधन स्वतंत्र पॅकेज म्हणून मिळते. उदाहरणार्थ, जाळ्यावरील संगणक आणि त्यांची उघडी पोर्टे शोधणारे एनमॅप हे साधन गॉर्डन लायन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. जाळ्यातून जाणारी पॅकेटे टिपून वाचता येण्याजोग्या स्वरूपात दाखवणारे वायरशार्क १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्स यांनी ‘इथिरियल’ या नावाने सुरू केले. २००६ मध्ये त्याचे नाव बदलले. ज्ञात त्रुटींचा प्रत्यक्ष वापर करून पाहण्याची चौकट असलेले मेटास्प्लॉइट एच. डी. मूर यांनी २००३ मध्ये सुरू केले. ते पुढे रुबी भाषेत पुन्हा लिहिले गेले आणि २००९ मध्ये रॅपिड सेव्हन या कंपनीकडे गेले. पासवर्ड पडताळणारे जॉन द रिपर, डेटाबेसमधील त्रुटी शोधणारे एसक्यूएलमॅप, वाय-फायच्या तपासणीसाठीचे एअरक्रॅक-एनजी आणि संकेतस्थळांच्या चाचणीसाठीचे बर्प सूट हीदेखील नेहमीच्या वापरातील साधने होत.

अशी शेकडो पॅकेजे एकेक करून निवडणे गैरसोयीचे असल्याने कालीने मेटापॅकेजांची व्यवस्था केली आहे. मेटापॅकेजात स्वतःची अशी कोणतीही आज्ञावली नसते. त्यात फक्त इतर पॅकेजांची यादी असते आणि ते स्थापित केले की यादीतील सर्व पॅकेजे आपोआप येतात. ‘काली-लिनक्स-कोअर’मध्ये वितरणाचा गाभा असतो. ‘काली-लिनक्स-हेडलेस’मध्ये पडद्यावरील खिडक्यांशिवाय चालणारी साधने, ‘काली-लिनक्स-डिफॉल्ट’मध्ये नेहमीची निवड, ‘काली-लिनक्स-लार्ज’मध्ये त्याहून मोठा संच आणि ‘काली-लिनक्स-एव्हरीथिंग’मध्ये जवळजवळ सर्व काही येते. विषयवार संचही आहेत: संकेतस्थळे, पासवर्ड, बिनतारी जाळी, न्यायवैद्यक तपास, उलट विश्लेषण इत्यादी, त्यांची नावे ‘काली-टूल्स’ या शब्दांनी सुरू होतात. टर्मिनलमध्ये ही सर्व नावे रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मध्ये जोडरेघ देऊन लिहावी लागतात.

नवशिक्यांचा ओढा साहजिकच सर्वांत मोठ्या संचाकडे असतो. तो घेण्यास तांत्रिक अडचण नाही. पण डिस्कवर बरीच जागा व्यापली जाते आणि रोलिंग वितरण असल्यामुळे प्रत्येक अद्यतनाच्या वेळी कधीही न उघडलेल्या साधनांचीही नवी आवृत्ती उतरवून घ्यावी लागते. मूलनिर्धारित संच आणि एक्सएफसीई डेस्कटॉप यांसाठी किमान २ जीबी मेमरी आणि २० जीबी डिस्क असावी, असे कालीचे अधिकृत दस्तऐवज सांगतात.

स्थापनेची पद्धत

काली थेट संगणकावर, पेनड्राइव्हवरून, व्हर्च्युअल बॉक्स किंवा व्हीएमवेअरसारख्या आभासी यंत्रात, रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर, विंडोजमधील लिनक्स उपप्रणालीत किंवा डॉकर कंटेनरमध्ये चालवता येते. यांपैकी कोणता मार्ग घेतला यावर साधनांची स्थिती अवलंबून असते. आभासी यंत्राच्या तयार प्रतिमेत मूलनिर्धारित संच आधीच असतो. याउलट डॉकरची आणि विंडोजच्या उपप्रणालीची प्रतिमा जाणीवपूर्वक लहान ठेवलेली असते. तेथे एनमॅपसारखे साधेसुधे साधनही सापडत नाही, तेव्हा प्रतिमा सदोष असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात तेथे मेटापॅकेज वापरकर्त्याने स्वतः स्थापित करणे अपेक्षित असते.

स्थापनेचे काम डेबियनमधील ॲप्ट ही आज्ञावली करते. प्रथम ‘सुडो ॲप्ट अपडेट’ या आज्ञेने भांडारातील पॅकेजांची ताजी यादी उतरवली जाते. या टप्प्यात एकही साधन बदलत नाही, फक्त यादी बदलते. त्यानंतर ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’ने प्रणाली अद्ययावत केली जाते आणि मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ या शब्दांपुढे हव्या त्या पॅकेजचे किंवा मेटापॅकेजचे नाव दिले जाते. रोलिंग वितरणात मधला टप्पा गाळल्यास नव्या साधनाला नवी लायब्ररी हवी असते आणि जुन्या साधनांना जुनी, असा पेच उद्भवू शकतो. पॅकेजचे नेमके नाव ठाऊक नसल्यास ‘ॲप्ट सर्च’ने शोध घेता येतो. आज्ञा टंकण्याऐवजी यादीतून निवड करायची असल्यास ‘काली-ट्वीक्स’ ही छोटी आज्ञावली उपलब्ध आहे.

भांडाराचा पत्ता एका सूची-फाइलमध्ये नोंदलेला असतो. सर्वसाधारण वापरासाठी ‘काली-रोलिंग’ ही शाखा पुरेशी असते. ‘काली-लास्ट-स्नॅपशॉट’ ही शाखा शेवटच्या प्रसिद्ध आवृत्तीपाशी थांबलेली असते आणि ज्यांना स्थैर्य हवे त्यांना उपयोगी पडते.

पॅकेज स्थापित झाले म्हणजे साधन लगेच वापरण्याजोगे झाले असे नेहमीच होत नाही. कालीच्या धोरणानुसार जाळ्यावर कान देणाऱ्या सेवा स्थापनेनंतर आपोआप सुरू होत नाहीत. परक्या जाळ्यात तपासणीसाठी नेलेल्या यंत्राने स्वतःच दारे उघडी टाकू नयेत, हा त्यामागील हेतू आहे. म्हणून एसएसएच सेवा हवी असल्यास ती हाताने सुरू करावी लागते आणि मेटास्प्लॉइटला लागणारा पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसही वेगळ्या आज्ञेने सिद्ध करावा लागतो. पासवर्ड चाचणीसाठीची ‘रॉकयू’ ही शब्दयादी संकुचित स्वरूपात येते आणि वापरापूर्वी उलगडावी लागते. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाखांहून अधिक खात्यांचे पासवर्ड उघड्या स्वरूपात फुटले होते. त्यांतील पुनरावृत्ती वगळून उरलेले सुमारे १ कोटी ४३ लाख पासवर्ड या यादीत आहेत.

हार्डवेअरशी निगडित साधनांच्या अडचणी वेगळ्या असतात. आभासी यंत्रात लॅपटॉपचे अंगभूत वाय-फाय कार्ड दिसत नाही. तेथे केवळ एक काल्पनिक तारजोडणी दिसते. त्यामुळे एअरक्रॅक-एनजी व्यवस्थित स्थापित होऊनही निरुपयोगी ठरते आणि यूएसबीवर चालणारे, मॉनिटर मोडला साथ देणारे वेगळे ॲडाप्टर जोडून ते आभासी यंत्राकडे सोपवावे लागते. हॅशकॅटसारख्या साधनाचा खरा वेग ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असतो आणि त्यासाठी कार्डाचा योग्य ड्रायव्हर निराळा बसवावा लागतो.

स्वाक्षरी आणि विश्वास

सुरक्षा साधनाच्या नावाखाली घातक आज्ञावली पोहोचवणे हा जुना डाव आहे. असे साधन बहुधा रूट अधिकाराने चालवले जाते, तपासणी करणाऱ्याच्या यंत्रात ग्राहकाची गोपनीय माहिती असते आणि विषाणू-प्रतिबंधक आज्ञावलीने दिलेला इशारा ‘हे साधनच तसे आहे’ म्हणून दुर्लक्षिला जातो. त्यामुळे साधन कोठून आले हा प्रश्न येथे इतर आज्ञावलींपेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

ॲप्टमध्ये या प्रश्नाचे उत्तर साखळीसारखे गुंफलेले आहे. भांडारात ‘रिलीज’ नावाची एक मुख्य फाइल असते. तिच्यावर कालीच्या गुप्त किल्लीने डिजिटल स्वाक्षरी केलेली असते. या फाइलमध्ये पॅकेज-याद्यांचे हॅश असतात आणि त्या याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो. वापरकर्त्याच्या यंत्रात कालीची सार्वजनिक किल्ली आधीपासून ठेवलेली असते. ॲप्ट तिच्या आधारे स्वाक्षरी तपासते, स्वाक्षरीवरून यादी आणि यादीवरून पॅकेज. साखळीतील एकही कडी जुळली नाही तर ते पॅकेज नाकारले जाते. या व्यवस्थेमुळे पॅकेजे जगभरातील कोणत्याही प्रतिसर्व्हरवरून, साध्या एचटीटीपी मार्गानेही उतरवता येतात. सर्व्हरचालकावर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही. सगळा भार मात्र एका किल्लीवर येतो.

हा भार किती मोठा आहे हे २०२५ मध्ये दिसून आले. काली प्रकल्पाच्या चमूने त्या वर्षीच्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस जाहीर केले की, भांडारावर स्वाक्षरी करण्याच्या जुन्या किल्लीपर्यंतचा प्रवेश त्यांनी गमावला असून नवी किल्ली तयार करावी लागली आहे. किल्ली चोरीस गेली नव्हती. ती केवळ त्यांच्या हाती उरली नव्हती. वापरकर्त्यांवर लगेच परिणाम होऊ नये म्हणून १८ एप्रिलपासून भांडार गोठवून ठेवण्यात आले होते. नव्या किल्लीने स्वाक्षरी केलेली पॅकेजे येऊ लागताच जुन्या यंत्रांवरील ॲप्टने ती नाकारली, कारण नवी किल्ली त्यांना अपरिचित होती. सामान्यतः किल्ली बदलायची झाल्यास नव्या किल्लीचे पॅकेज जुन्या किल्लीच्या स्वाक्षरीने पाठवले जाते. येथे जुनी किल्लीच वापरता येत नसल्याने तो मार्ग बंद होता. अखेर प्रत्येक वापरकर्त्याला कालीच्या संकेतस्थळावरून किल्ल्यांची नवी फाइल हाताने उतरवून, तिचा हॅश जुळवून, ती ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवावी लागली. ज्यांना हे नको होते त्यांच्यासाठी नवी किल्ली असलेल्या प्रतिमा पुन्हा काढण्यात आल्या.

अशा वेळी स्वाक्षरी-तपासणीच बंद करून अद्यतन करण्याचा सल्लाही देण्यात येतो. त्याने त्रुटी-संदेश नाहीसा होतो खरा, पण वर वर्णिलेली सर्व साखळी तुटते आणि प्रतिसर्व्हर चालवणारा कोणीही हवे ते पॅकेज पाठवण्यास मोकळा होतो.

स्वाक्षरीची मर्यादा २०२४ मधील एक्सझेड प्रकरणात स्पष्ट झाली. संकुचनासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक छुपे दार घुसवण्यात आले होते. एसएसएच सेवेत शिरकाव करणे हा त्याचा उद्देश होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले, त्याने मागोवा घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी ही बाब उघड केली. कालीच्या भांडारात सदोष आवृत्ती २६ ते २९ मार्च या काळात होती. त्या चार दिवसांत उतरवलेले पॅकेज योग्य किल्लीने स्वाक्षरी केलेले, हॅश जुळणारे आणि तरीही दूषित होते. पॅकेज कोणी पाठवले एवढेच स्वाक्षरी सिद्ध करते. मूळ लेखकाने आत काय ठेवले याबद्दल ती काही सांगत नाही.

पायथनमधील साधने

अनेक सुरक्षा साधने पायथन भाषेत लिहिलेली असून ती भांडारात पोहोचण्याआधी गिटहबवर प्रसिद्ध होतात. पूर्वी ती ‘पिप’ या आज्ञावलीने थेट प्रणालीत बसवली जात. यातून एक गुंता निर्माण होई: पिपने बदललेली लायब्ररी ॲप्टला ठाऊक नसे आणि एका साधनासाठी केलेल्या बदलामुळे दुसरेच साधन बंद पडे. पीईपी ६६८ या प्रस्तावाने यावर नियम घालून दिला आणि जून २०२३ मधील डेबियन १२ मध्ये तो लागू झाला. कालीनेही तोच मार्ग स्वीकारला. आता पिपने प्रणालीत काही बसवू पाहिल्यास पायथन वातावरण बाहेरून व्यवस्थापित असल्याचा संदेश देऊन ते थांबते. साधन प्रथम ॲप्टमध्ये शोधावे, तेथे नसल्यास ‘पिपएक्स’ने बसवावे, अशी शिफारस आहे. पिपएक्स प्रत्येक साधनासाठी निराळे आभासी वातावरण तयार करते आणि साधनाची आज्ञा मात्र सर्वत्र उपलब्ध ठेवते.

अधिकार आणि वापरकर्ते

बॅकट्रॅकमध्ये आणि कालीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत सर्व काम रूट वापरकर्ता म्हणूनच होई. ‘रूट’ हे नाव उलटे लिहून होणारा ‘तूर’ हा त्याचा पासवर्ड सर्वज्ञात होता. जानेवारी २०२० च्या आवृत्तीपासून सामान्य वापरकर्ता मूलनिर्धारित झाला. तयार प्रतिमांत त्याचे नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘काली’ असतात आणि ते पहिल्याच वेळी बदलणे आवश्यक असते.

या बदलामुळे काही साधनांचे वर्तन अधिकारानुसार बदलते. एनमॅपची मूलनिर्धारित तपासणी रूट अधिकार असल्यास कच्ची पॅकेटे पाठवून होते. अधिकार नसल्यास ते पूर्ण जोडणी करून पाहण्याची संथ पद्धत वापरते. दोन्ही वेळी उत्तर मिळते, त्यामुळे फरक लक्षात येत नाही. डेबियनच्या पॅकेजात वायरशार्क स्थापित होताना सामान्य वापरकर्त्यांना पॅकेटे टिपू द्यावीत का, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. होकार दिल्यास पॅकेटे टिपण्याचा अधिकार ‘डम्पकॅप’ या छोट्या घटकापुरता दिला जातो आणि ‘वायरशार्क’ या गटात नाव असलेल्यांनाच तो वापरता येतो. गटात नाव घातल्यानंतर बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा लागतो. संपूर्ण वायरशार्क रूट म्हणून चालवण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित मानला जातो, कारण परकी पॅकेटे उलगडणारा त्याचा भाग आकाराने प्रचंड आहे आणि त्यात वेळोवेळी त्रुटी सापडत आल्या आहेत.

इतर वितरणांवर स्थापना

एनमॅप, वायरशार्क, जॉन द रिपर, एसक्यूएलमॅप ही साधने डेबियन आणि उबुंटूच्या स्वतःच्या भांडारांतही आहेत. दोन-चार साधनांसाठी संपूर्ण काली बसवण्याचे कारण नाही. मात्र उबुंटूच्या सूची-फाइलमध्ये कालीच्या भांडाराचा पत्ता जोडून त्यातील साधने ओढून घेण्याचा प्रकार घातक आहे. दोन्हीकडे मूलभूत लायब्ररींच्या आवृत्त्या भिन्न असल्याने पुढच्याच अद्यतनात ॲप्ट प्रणालीचा अर्धा भाग कालीचा करून टाकते आणि काही वेळा डेस्कटॉपही काढून टाकते. अशा सरमिसळीला डेबियन समुदायात ‘फ्रँकनडेबियन’ म्हणतात. उलट दिशेने, कालीत उबुंटूचे भांडार जोडणेही तितकेच धोक्याचे आहे. अशा ठिकाणी कालीचा डॉकर कंटेनर किंवा आभासी यंत्र हा स्वच्छ पर्याय ठरतो.

सुरक्षा चाचणीसाठीची इतर वितरणेही आहेत. पॅरट ओएस डेबियनवर, पेंटू जेंटूवर आणि ब्लॅकआर्च हे आर्च लिनक्सवर आधारलेले आहे. यांपैकी ब्लॅकआर्चचे भांडार आधीपासून स्थापित असलेल्या आर्च लिनक्सला जोडता येते, कारण ते त्याच पायावर बांधलेले आहे. दैनंदिन वापराचे डेस्कटॉप म्हणून किंवा लिनक्सची पहिली ओळख म्हणून काली वापरू नये, असे कालीच्याच दस्तऐवजांत नमूद आहे.

सरावाची ठिकाणे आणि कायदा

साधने बसवल्यानंतर ती कोठे चालवावीत हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर येतो. ‘काली-लिनक्स-लॅब्स’ या मेटापॅकेजात डीव्हीडब्ल्यूए आणि ज्यूस शॉप ही हेतुपुरस्सर सदोष ठेवलेली संकेतस्थळे मिळतात. ती आपल्याच यंत्रावर चालतात. रॅपिड सेव्हनचे ‘मेटास्प्लॉइटेबल’ हे असेच सदोष आभासी यंत्र आहे. ते खासगी आभासी जाळ्यातच ठेवावे लागते, कारण बाहेरच्या जाळ्यात आल्यास ते कोणाच्याही हाती पडू शकते. एनमॅप प्रकल्पानेही ‘स्कॅनमी’ नावाचा एक सर्व्हर मर्यादित प्रमाणात तपासणीसाठी खुला ठेवला आहे.

भारतात काली लिनक्स उतरवून घेणे किंवा वापरणे यावर बंदी नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना संगणकात वा जाळ्यात प्रवेश करणे, माहिती काढून घेणे किंवा सेवा खंडित करणे यांसाठी नुकसानभरपाईची तरतूद करते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. महाविद्यालयाच्या किंवा कार्यालयाच्या जाळ्यावर सराव म्हणून चालवलेली तपासणीही परवानगीच्या अटीतून सुटत नाही. व्यावसायिक चाचणीत म्हणूनच कोणती यंत्रे, कोणत्या तारखांना आणि कोणत्या पद्धतींनी तपासायची हे आधी लेखी ठरवले जाते. सरकारी व महत्त्वाच्या यंत्रणांच्या तपासणीसाठी सर्ट-इन ही केंद्रीय संस्था लेखापरीक्षक संस्थांची सूची ठेवते, आणि सापडलेल्या त्रुटी कळवण्याची सोयही तिच्याकडे आहे.